पत्र्यावर नारळ

त्या दिवशी सकाळपासून मी भलत्याच तोऱ्यात होते! सिल्व्हर पार्कातल्या एका सोसायटीचे नारळ काढायचे होते आणि आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच कमरेला सेफ्टी बेल्ट बांधला होता. आम्ही रायगडकडचे, इथे सोसायट्यांची बागकामं करतो दोघं. माडावर चढतात ते, खाली दोरी सांभाळते मी. बेल्ट म्हटलं की ह्यांचं एकच, "अगं, मी काय नवशिका आहे?" शेवटी मीच सांगून टाकलं, बेल्ट नाही तर दोरीला मी नाही.

माडाखाली पार्किंगचा पत्रा, त्यामुळे नारळ खाली टाकायची सोय नाही. मग पेंडीला, म्हणजे नारळांच्या घोसाला, दोरी बांधायची, ती एका मजबूत झावळीवरून सोडायची आणि मी खालून ढील देत पेंड उतरवून घ्यायची. सगळ्यात शेवटी ती झावळीही कापायची, हे आमचं ठरलेलं.

शेवटची पेंड उतरली. मी वर बघितलं तर काय! ह्या माणसाने बेल्टचा हूक त्याच झावळीत अडकवलेला! दोरीच्या सवयीने हो, दुसरं काय! दोरी तिच्यावरून, म्हणून हूकही तिलाच. आणि आता बेल्टवर रेलून तिच्यावरच कोयता चालवतायत! "अहो, थांबा!" मी बोंबलले. समोरच्या विंगमध्ये ड्रिल मशीन सुरू, कुणाला ऐकू जातंय! दोरी माझ्या हातात होती, पण ओढली असती तर अर्धी कापलेली झावळी खाली आली असती आणि तिच्यामागून हे.

मग काय सुचलं कोण जाणे, उतरवलेला एक नारळ उचलला आणि हाणला पत्र्यावर. धाडकन! लगेच दुसरा! वॉचमन धावत आला, "भाभी, पागल हो गई क्या? पत्रा टूटेगा!" तुटू दे मेला! पत्र्यावर नारळ पडला की सोसायटी आमच्या नावाने शंख करते, त्या धास्तीनेच ह्यांचा हात थांबला. आपल्याच हातून निसटला असं वाटून त्यांनी खाली बघितलं. मी वेड्यासारखे हातवारे केले: हूक, झावळी, हूक! कळलं तशी त्यांनी माडाला घट्ट मिठीच मारली. बऱ्याच वेळाने हूक सोडवला आणि बेल्टचा दोर खोडाभोवती घेतला.

खाली आले ते तिथेच फरशीवर बसले. चारचौघांत डोळ्यांतून पाणी. सेक्रेटरी पोचा आलेला पत्रा दाखवून मला काहीबाही बोलत होते आणि मी हसत सुटले होते. बोला म्हटलं, हवं तेवढं बोला! माझा माणूस जमिनीवर होता.