दक्षिणेचं दार

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. फायर डोअर, म्हणजे आगीत बाहेर पडायचं दार, तपासायला गेलं की दारामागंच एक उभा असतो. मी डिप्लोमा अर्धवट सोडून तात्यांच्या हाताखाली लागलो. तात्या मिलिटरीतून रिटायर. लायसन त्यांचं, स्क्रू-ड्रायव्हर माझा. सातारा-सांगलीतली ऑफिसं, गोदामं, क्लासेस पालथे घालतो. लोक किस्से ऐकून हसतात, मीही हसतो. पण माझी बहीण अश्विनी विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत दिवसभर बसते, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथल्या फायर डोअरला कुलूप आहे. त्यामुळं माझं हसू लवकर संपतं.

सांगलीतलं हळदीचं गोदाम. शेठचा फोन, "नवं दार खराब निघालं राव, आपोआप बंद होतंय!" अहो, ते त्यासाठीच बसवलंय! आग लागली तर धूर पलीकडं जाऊ नये म्हणून ते स्वतःहून मिटतं. "व्हय व्हय, कळलं," शेठ म्हणाले. पुढच्या खेपेला गेलो तर दाराला हळदीचं पोतं टेकवलेलं. "आता बघा, कसं शान्यासारखं हुबं ऱ्हातंय!"

पाटणचं मंगल कार्यालय. दारच सापडेना. शेवटी मॅनेजरनं स्टेजमागचा फुलांचा पडदा सारला. "आवं, फोटोत ते लाल दार बरं दिसत न्हाई. आन् लग्नात कुठली आग लागतीया?" पडद्याच्या पुढं, हातभर अंतरावर, भटजी होमात तूप सोडत होते!

साताऱ्याच्या एका ऑफिसात तर शिपायानं आमच्यादेखत दाराची साखळी सोडली. "तुमी येणार म्हणून काढतोय. गेलासा की लावतो." तात्यांना त्याचा खरेपणा लय आवडला. चहा झाला, दार ठीक असल्याच्या दाखल्यावर सही झाली. बाहेर आल्यावर मी भांडलो, तर म्हणतात, "गड्या, आपण बघितलं तवा उघडं हुतं का न्हाई?" सरहद्दीवर पहारा दिलेला माणूस! या पिढीला सही कुठं करायची ते बरोबर कळतं. दार कुठं उघडतं, ते विचारू नका.

आता अश्विनीची अभ्यासिका. चालवणारे आमचेच जुने हेडमास्तर. शाळेत मला रोज वर्गाबाहेर काढायचे, आता सगळ्यांना आत कोंडून बसलेत. कारण काय, तर ते कुलूप लावलेलं दार दक्षिणेला उघडतं.

"दक्षिण यमाची दिशा," सर म्हणाले. "शिक्षण सोडलेल्याला काय कळणार?"

"सर, तुम्ही विज्ञान शिकवायचात ना?"

"परीक्षेपुरतं."

अश्विनीला म्हटलं, दुसरी अभ्यासिका बघ. "तिथं कुलूप नसेल कशावरून?" ती म्हणाली.

मग मी तात्यांपुढं अडून बसलो. इथं आधी ड्रिल, मग सही. एका दुपारी अलार्म वाजवला. पोरं मुख्य जिन्याकडं धावली आणि चपलांच्या ढिगात अडकून एकमेकांवर पडली. धूर त्याच जिन्यानं वर येणार, हे अश्विनीला मी घरी सांगितलेलं. ती सरळ दक्षिणेच्या दाराशी गेली. मागून सर खिसे चाचपत आले. किल्ली घरी, दुसऱ्या सदऱ्यात.

अश्विनी दारावर हात ठेवून शांत उभी होती. "राहू द्या सर. मी मेले आत्ताच."

कुणी हसलं नाही. तात्यांनी उघडलेलं पेन परत खिशाला लावलं.

पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो. कुलूप नव्हतं. दार ढकललं, उघडलं. बाहेर जिन्यावर खुर्ची टाकून सर बसलेले, तोंड दक्षिणेला.

"सर, इथं काय करताय?"

"यम आला तर आधी मला भेटेल."

"सर, जिन्यात खुर्ची चालत नाही. पोरं अडखळतील."

सर उठले. खुर्ची उचलून माझ्या हातात दिली.

"बरं. मग उभा राहतो."