काकीच्या खोलीतले सव्वीस गणपती

त्या पावसाळ्यात काकीच्या खोलीत सव्वीस गणपती होते आणि काकी पडवीत झोपत होती. यात आम्हाला कुणालाच वावगं वाटत नव्हतं. पेणमध्ये आषाढ लागला की ज्याच्याकडे कोरडा कोपरा असेल त्याने तो गणपतीच्या कारखान्याला द्यायचा, अशी रीतच आहे. कारखान्याचे पत्रे गळतात आणि कच्च्या मूर्तीला ओल लागली की आधी बोटं जातात, मग सोंड. म्हणून रंगाला लागेपर्यंत मूर्ती आसपासच्या घरांत जाऊन बसतात. त्याचे पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

आमची वसाहत सरकारी भाड्याची. खाडीच्या रस्त्याला चार रांगा, एक खोली, एक पडवी. शेवटच्या, उंच जोत्याच्या खोलीत काकी राहायची. नात्याने ती माझी कुणी नव्हती, सगळ्या वसाहतीचीच काकी होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. उभा जन्म मिठागरात मीठ ओढण्यात गेला आणि टाचांच्या भेगा तेवढ्या मागे राहिल्या. आता तिच्याने काम होत नव्हतं. शेजारणींच्या भाज्या निवडून द्यायची, पोरं सांभाळायची, आणि भाड्याची तारीख जवळ आली की गप्प गप्प असायची.

वसाहत कार्यालयाच्या फळ्यावर एक कागद कित्येक महिने लटकत होता. एकट्या, वृद्ध, कमाई नसलेल्या भाडेकरूला भाडं माफ, शिवाय दरमहा थोडी मदत. तो वसाहतीत कुणीच वाचला नव्हता. मी वाचला, कारण मी सगळंच वाचायचे. बाबा रोह्याजवळच्या कंपनीत कामाला होते. शिफ्ट सुटताना गेटवर वाटलेली पत्रकं ते खिशात घडी करून आणायचे आणि त्यांवरच मी अक्षरं शिकले. पाचवीत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी ‘एकजुटीचा विजय असो’ असा केला होता. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. बाबांचं मत बाईंचं चुकलं असंच होतं.

तर मी काकीच्या मागे लागले.

“फुकटचं नको गो,” ती म्हणाली. “लोक काय बोलतील?”

“फुकटचं कसं? जन्मभर मीठ काढलंस, ते कुणी खाल्लं?”

“तू खाल्लंस. म्हणून तर येवढा आवाज निघतो तुझा.”

पण तिने अंगठा उठवला. अर्ज मीच लिहिला आणि कार्यालयात मीच देऊन आले. परत येताना मला वाटत होतं, क्रांतीला सुरुवात झाली.

पंधरा दिवसांनी पाहणीला माणूस आला. मी तेव्हा कॉलेजात होते. संध्याकाळी काकीने पडवीत बसल्या बसल्या सांगितलं, “चांगला होता. पाणी पण प्यायला.”

“विचारलं काय त्याने?”

“गणपती कुणाचे म्हणून विचारलं.”

“मग?”

“माझे, म्हटलं.”

“काकी! अगं कारखान्याचे ना ते!”

“घरात आलेल्या देवाला दुसऱ्याचा म्हणायचं? सगळे बसून ऐकत होते गो. सव्वीसच्या सव्वीस.”

तिचं ते बोलणं कुणाही पेणकराला कळलं असतं. तो माणूस पेणचा नसावा. आठवड्याने पत्र आलं आणि ते मीच तिला वाचून दाखवलं. खोलीचा धंद्यासाठी वापर होत असल्याने सवलत नामंजूर. खोली परत का घेऊ नये, याचा खुलासा रोह्याच्या मुख्य कार्यालयात येऊन करावा.

मी अर्ज केला नसता तर तो माणूस तिच्या दारात आलाच नसता. भाडं जड जात होतं, पण खोली तरी होती.

काकी आतल्या मूर्तींकडे बघत म्हणाली, “माझा पाटा-वरवंटा लय जड हाय. कुठं न्यायचा झाला तर दोन माणसं लागतील.”

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. ‘कष्टकऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर हिसकावणाऱ्यांनो, सावधान!’ मला ते फार आवडलं होतं. सकाळी काकीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्यात मी कुठं हाय?” तिने विचारलं. “ह्यात नुसता मोर्चा हाय.”

मला राग आला. मी म्हटलं, पत्रक राहू दे, मग तूच रोह्याला जाऊन एक वाक्य बोल, हे गणपती माझे नाहीत. विषय संपला. ती म्हणाली, तेवढं सोडून काहीही सांग. दोन दिवस आमचं हेच चाललं.

“देव रागावणार नाही, काकी.”

“तो नाय रागावणार. मलाच वाईट वाटंल.”

मी बाबांकडे तक्रार केली की काकी हट्टी आहे. ते भाकरी खात होते. घास गिळून म्हणाले, “तत्त्वासाठी वाकू नये असं तुझ्याच वहीत लिहिलेलं असतं ना? तिने वाकायचं होय?” आणि थोडं थांबून, “नियम वाचलास का? आख्खा?”

मी वाचला नव्हता. मी फळ्यावरचा कागद वाचला होता आणि बाकीचं मनाने भरलं होतं. दुसऱ्या दिवशी वसाहत कार्यालयातून नियमाची प्रत मागून घेतली आणि तिथेच पायरीवर बसून वाचली. धंद्याबद्दल त्यात एकच ओळ होती: सदर जागेतून भाडेकरूस उत्पन्न मिळत नसावे. जागेतल्या वस्तू कुणाच्या, याबद्दल चकार शब्द नव्हता. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इतकी साधी ओळ माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

रोह्याला आम्ही रेल्वेने गेलो. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कार्यालयात साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि कागद समोर ओढला.

“आजी, खोलीतले गणपती कुणाचे?”

“माझे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. “साहेब, नियमात ‘कुणाचे’ असं नाही. ‘उत्पन्न मिळतं का’ असं आहे. तेवढंच विचारा.” बोलताना माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्यांनी ओळ दोनदा वाचली. मग पेन हातात घेतलं. “बरं आजी, गणपती ठेवायचे पैसे मिळतात?”

“देव ठेवायचे पैसे?” काकीला खरंच नवल वाटलं. “तुमच्या घरी येतो, तो भाडं देतो तुम्हाला?”

कोपऱ्यातला कारकून फस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. “म्हणजे काहीच मिळत नाही?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडणार, तोच काकी म्हणाली, “मिळतो की! शेवटाला कारखान्यातनं एक गणपती मिळतो. लहानसा. दीड दिसाचा.”

मी डोळे मिटले. साहेबांचं पेन थांबलं होतं.

“तो विकता का?”

“विकते?” काकी म्हणाली. “नदीत सोडते.”

मी डोळे उघडले. साहेब लिहीत होते. उलट्या बाजूने मी ते वाचलं: उत्पन्न नाही.

सवलत मंजूर झाल्याचं पत्र श्रावण सरता सरता आलं. त्याआधीच सव्वीस मूर्ती रंगाला गेल्या होत्या आणि काकी पडवीतून आत आली होती. कारखान्यातून तिचा लहानसा गणपती आला. तो आणायला मीच गेले होते.

चतुर्थीला तिच्या खोलीत बायका जमल्या. वसाहतीत अशा आणखी तिघीजणी होत्या, एकट्या आणि भाड्याला घाबरणाऱ्या. नामंजुरीचं पत्र आलं त्या रात्री लिहिलेलं पत्रक मी तोवर चुलीत घातलं होतं. त्याऐवजी साध्या कागदावर नियम साध्या शब्दांत उतरवला होता: कुणाला मिळतं, कुठे मागायचं, पाहणीला माणूस आला की काय विचारेल. कागद माझ्या पर्समध्ये होता. आरती झाल्यावर वाचेन म्हणून मी थांबले होते.

“आधी वाच गो,” काकी म्हणाली. “नंतर सगळ्या प्रसाद घेऊन पळतील.”

मी उभी राहून वाचलं. एकीने मधेच विचारलं, “माझा अंगठा चालंल का?” दुसरीने विचारलं, “मग मी कोंबड्या पाळते त्या?” मला कोंबड्यांचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. आयुष्यात पहिल्यांदाच मी चारचौघांत ‘माहीत नाही’ म्हटलं असेन, आणि काही बिघडलं नाही.

वाचून झालं. पण जुनी सवय कुठे जाते? कागद खाली केला आणि माझ्या तोंडून निघालंच, “एकजुटीचा—”

काकीने टाळ उचलले, आणि सगळ्या बायका एका आवाजात ओरडल्या, “मोरया!”