वैलावरचा मोरोक्को

तुमच्या घरात भाकरी थापणारं माणूस कधी जेवतं?

लगेच उत्तर देऊ नका. कालचं जेवण आठवा. पानं किती होती आणि त्या माणसाचं पान त्यांत होतं का, ते आठवा.

आमच्या पिंपरी पेंढारच्या घरात ते माणूस म्हणजे आई, आणि ती सगळ्यांच्या नंतर जेवायची. तसा नियम कुणी केलेला नव्हता. भाकरी तव्यावरून काढून विस्तवाला लावायची, टम्म फुगली की थेट पानात टाकायची, ही आमच्याकडची रीत. गार भाकरी वाढणं म्हणजे पावण्याला पुन्हा येऊ नको म्हणणं. त्यामुळे आम्ही पाटावर आणि ती चुलीपुढे. तिची पाळी येईपर्यंत विस्तव बसलेला असायचा. पातेल्याच्या तळाचं कालवण ती शेवटच्या, कडा मोडलेल्या भाकरीने पुसून घ्यायची.

आणि हे अशा घरात, जिथे समतेची पत्रकं गठ्ठ्याने यायची. आबा, म्हणजे माझे वडील, ती काढत. पाण्याच्या समान वाटपाची, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध. मंचरच्या छापखान्यातून पिवळे-गुलाबी गठ्ठे यायचे, आम्ही ओसरीवर बसून घड्या घालायचो आणि आबा ते बेल्ह्याच्या बैलबाजारात वाटून यायचे. अंकलिपी हातात येण्याआधी मला ‘बंधू-भगिनींनो’ वाचता येत होतं. उरलेली पत्रकं आई मसाल्याच्या डब्यांच्या तळाशी घालायची. धने संपत आले की खालून ‘समान हक्क’ वर यायचा, तेलकट आणि खमंग. आजही एखादं पत्रक हातात आलं की मी आधी त्याचा वास घेते.

त्या घरातली मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे वैल. चुलीच्या मागच्या अंगाला असतो तो. पुढच्या जाळाची उरलेली धग त्याच्यापर्यंत पोचते, म्हणून त्याच्यावर काही करपत नाही आणि काही घाईने शिजतही नाही. शेतावर जाताना आई त्यावर हुलग्यांचं नाहीतर हरभऱ्याचं पातेलं ठेवून जायची. शाळेतून परत येताना गोठ्यापाशीच कळायचं आज काय आहे ते. दार उघडलं की जिऱ्याचा आणि धुराचा तो जड, गोडसर वास अंगावर यायचा. घरात कुणी नसलं तरी कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायचं.

पुढे गॅस आला. चूल मागच्या पडवीत गेली, आंघोळीच्या पाण्यापुरती. भाकरी मात्र तशीच गरम राहिली, आणि आईचं पान तसंच शेवटचं.

आता मी मंचरला खोली घेऊन राहते. शेजारची मैत्रीण गाव सोडताना मला तिचा स्लो कुकर देऊन गेली. आत चिनी मातीचं जाड भांडं आणि विजेवर तासन् तास मंद शिजणारा स्वयंपाक. फोनवर बघून मी त्यात मोरोक्कोच्या पद्धतीचा रस्सा केला. भिजवलेले हरभरे, गाजर, टोमॅटो, कांदा; जिरं, धने, सुंठ, दालचिनी; जर्दाळू मिळाले नाहीत म्हणून मनुका. त्यांच्याकडे मिठात मुरवलेलं लिंबू घालतात. ते तर आईच्या बरणीत कायमच असतं. संध्याकाळी कामावरून येऊन दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. दालचिनी परकी होती, मनुकांचा गोडवा परका होता, पण खालचा तो जड वास वैलाचा होता.

तेव्हाच ठरवलं. हे भांडं घरी न्यायचं, सकाळी लावून द्यायचं, सोबत नुसता भात, आणि आईला पहिल्या पंगतीला बसवायचं.

फोनवर तिला सांगितलं, रविवारी भाकरी करायची नाही.

“मग पोटाला काय, तुझ्या बापाचं कागुद?” ती म्हणाली.

रविवारी सकाळी आईच्या बरणीतलं लिंबू घालून मी कुकर लावला. थोरला भाऊ भोवती फिरून म्हणाला, “ह्या मोरोक्कोत भाकर न्हाई भेटत व्हय?” आबा म्हणाले, “खाऊन तर बघ आधी, मग टीका कर.” हात मोकळे असले की आई पदराचं टोक पिळत बसते, तशी बसली होती.

आणि लाईट गेली. बराच वेळ वाट पाहिली. भावाने चौकशी केली तर कुठेतरी तारा बदलायचं काम निघालं होतं, संध्याकाळपर्यंत आशा नव्हती. झाकण काढलं तर हरभरे दाताला कच्चे. मी गॅस पेटवायला गेले, तर आई उठलेली.

“गॅसवर करपंल त्ये. वैल हाय की.”

ती ते चिनी मातीचं भांडंच उचलून पडवीकडे निघाली. मी आडवी गेले, तडकेल म्हणून. मग जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात रस्सा ओतला, भावाने काटक्या आणल्या, चूल पेटली. पातेलं वैलावर बसलं आणि पुढे मोकळा जाळ धडधडायला लागला.

पुढे जाळ राहिल्याशिवाय वैल तापत नाही. आणि जळती चूल मोकळी ठेवायची नाही, हे आमच्या घरात देवाच्या दिव्याइतकं पक्कं. आईने माझ्याकडे पाहिलं, तवा चढवला आणि पीठ मळायला घेतलं.

एवढं ओझं एस्टीने आणून मी तिला पुन्हा चुलीपुढे बसवली होती.

भाकऱ्या झाल्या. टोपलीत चवड लागली. पण हरभरे अजून शिजायचे होते. आई सारखी झाकण काढून दाणा दाबून बघायची आणि मान हलवायची. एरवी कालवण आधी तयार असतं आणि भाकरी शेवटी होते. आज सगळं उलटं झालं होतं. पीठ संपलं, तवा उतरला, चुलीत वैलापुरते निखारे उरले. तिला करायला काही राहिलं नाही. भाकऱ्या गार होत होत्या आणि ते तिला बघवत नव्हतं.

“गार भाकर पानात घालू व्हय तुमच्या?”

“घाल की,” आबा म्हणाले. “रश्श्यात चुरायला गारच बरी. आमी लहान व्हतो तवा तेच खायचो.”

“तवा तुमी समतेची पत्रकं नव्हता काढत, आन गरम भाकरबी नव्हता मागत.”

भाऊ हसला. आबाही हसले, पण थोडं उशिरा. मग त्यांनी उठून चौथा पाट मांडला.

हरभरे मऊ झाले तेव्हा दुपार कलली होती. आई कडेला, दाराजवळ बसली, कधीही उठता येईल अशी. सगळ्यांनी भाकरी चुरली, वरून रस्सा ओतला. लिंबू दाताखाली आलं तशी ती म्हणाली, “माजंच हाय की ह्ये.” मनुका मात्र तिने एकेक करून बाजूला काढल्या आणि माझ्या पानात टाकल्या. दोनदा उठायला गेली. दोन्ही वेळा वाढायचं सगळं पानांच्या मध्येच ठेवलेलं होतं, म्हणून पुन्हा बसली. तिसऱ्यांदा गेली नाही. त्या दिवशी गरम भाकरी कुणालाच मिळाली नाही.

बंधू-भगिनींनो, हे मी पत्रकावर छापणार होते, पण पत्रकं डब्याच्या तळाशी जातात हे मी पाहिलं आहे. म्हणून सरळ मागते. येत्या रविवारी एक काम करा. वैल असेल तर वैलावर, नसेल तर मंद गॅसवर, काहीतरी वेळ घेणारं शिजत ठेवा. भाकऱ्या आधी होऊ द्या आणि गार होऊ द्या. ज्या हातांनी त्या थापल्या त्यांचं पान आपल्या पानाशेजारी मांडा, आणि ते माणूस बसेपर्यंत पहिला घास उचलू नका.