साडूच्या गाडीत वाजलेलं गाणं

बसा, बसा. चहा टाकलाय. तोवर माझी अब्रू कशी गेली ते ऐकून घ्या. अख्ख्या नंदाखाल गावाला ठाऊक आहे, तुम्हीच तेवढे राहिलात! दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा मीच लावतो.

आता माणसाची फजिती व्हायला काय लागतं? कुणाला दारू लागते, कुणाला निवडणूक लागते. मला एक साडू पुरला.

विल्फ्रेड त्याचं नाव. माझ्या बायकोच्या, म्हणजे रेजीनच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. वीस-बावीस वर्षं आखातात होता, गेल्या वर्षी कायमचा गावी परतला. आमच्यापासून तीन वाड्या सोडून त्याचं घर. तो आला आणि त्याच्यामागोमाग त्याची गाडी आली.

गाडी कशी म्हणाल तर पांढरीशुभ्र. दार लावलं तर लागलं की नाही कळत नाही. मागे घेताना समोरच्या पडद्यावर मागच्या केळी, कोंबड्या, कुंपण, सगळं दिसतं. आणि वरचं छप्पर उघडतं! मी म्हणतो, नंदाखालमध्ये छप्पर उघडून करायचंय काय? नारळ झेलायचेत?

बरं, गाडी लावायचा ती नारळाखालीच. मी शाळेत हेडक्लार्क आहे. रोज सकाळी शाळेला जाताना त्या झाडाजवळ स्कूटर हळू करायचो आणि वर बघायचो. चार वाळके नारळ लोंबत होते. दोन महिन्यांत एक पडला नाही! खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं.

तुम्ही म्हणाल, इनासभाऊ, एवढं पोटात दुखायला काय झालं? अहो, माझी स्कूटर सोळा वर्षांची. आधी तिला डावीकडे कलती करायची, मग सरळ करायची, मग किक मारायची. रेजीन मागे बसायच्या आधी क्रूसाची खूण करते. आणि धाकटी बहीण थंडगार हवेत, खिडक्या बंद करून चर्चमध्ये मिस्साला येणार! रेजीन तोंडाने काही बोलत नव्हती. पण साडीवरची धूळ झटकायची ना, ती जरा जास्तच जोरात झटकायची.

आणि विल्फ्रेड माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण लेकाचा चांगला निघाला! फादरांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, आशीर्वाद दिला, आरशाला रोझरीची माळ लटकली आणि याने पहिल्या फेरीला कुणाला बसवलं? मला. वर म्हणतो, "भाऊ, तुमचा फोन द्या. गाडीला जोडून ठेवतो. म्हणजे कधीही बसलात की तुमची गाणी आपोआप लागतील."

आपली गाणी त्याच्या गाडीत वाजवायची म्हणजे मोठेपणा कुणाचा? त्याचाच! पण समोर रेजीन उभी. दिला फोन. त्याने दोन-चार बटणं दाबली आणि परत केला. मी तो जोडल्याचं विसरूनही गेलो.

इथवर मी सहन केलं, बरं का. खरी आग लागली ती चर्चमध्ये गाणाऱ्या आमच्या क्वायरमध्ये.

आमच्या गावच्या सणाला, मिस्सात कम्युनियनचा ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की क्वायर आभाराचं एक गाणं म्हणते. त्याची पहिली दोन कडवी एकाने एकट्याने म्हणायची. अकरा वर्षं ती दोन कडवी मी म्हणत होतो. अकरा वर्षं! सणाच्या दिवशी सगळे पाहुणे आलेले, चर्च खचाखच भरलेलं, आणि माझा एकट्याचा आवाज. वर्षभर शाळेत जन्मतारखा दुरुस्त करत बसणाऱ्या माणसाला ती पाच मिनिटं किती मोठी असतात, तुम्हाला नाही कळायचं.

आमची क्वायर ग्रेसी टीचर चालवतात. निवृत्त शिक्षिका, कीबोर्ड वाजवतात, आणि चष्म्यावरून बघितलं तर फादरसुद्धा आवाज खाली आणतात. यंदा पहिल्याच सरावाला त्या म्हणाल्या, "या वर्षी सोलो विल्फ्रेड म्हणेल. नवीन आवाजाला संधी देऊ. कसं, इनास?"

मी म्हटलं, "हो हो, का नाही!" आणि हसलो. तसं हसताना माझी दाढ दुखली.

गाडी गेली खड्ड्यात. गाडीचं एक वेळ ठीक होतं. पण माझी दोन कडवी? बावीस वर्षं वाळवंटात काढलेल्या माणसाने उपटसुंभासारखं येऊन माझी दोन कडवी न्यायची?

मी ठरवलं, याचं गाणं किती बेसूर आहे ते पुराव्यासकट टीचरना ऐकवायचं. दुसऱ्या सरावाला मी गाण्याच्या वहीत फोन लपवून विल्फ्रेडचं गाणं रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं. मला त्यात सतरा चुका सापडल्या. मग म्हटलं, चुका दाखवायच्या तर बरोबर कसं असतं तेही शेजारी हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये, बादली भरताना, तेच गाणं मी स्वतः म्हटलं आणि तेही रेकॉर्ड केलं. माझ्या फोनचा स्पीकर फुटका. त्यातून कुणीही गायलं तरी डबीत माशी कोंडल्यासारखं येतं. तरीही मला माझं गाणं फार म्हणजे फारच आवडलं.

रविवारी मिस्सानंतर क्वायरच्या कुर्त्यांचं कापड आणायला पापडीच्या बाजारात जायचं ठरलं. गाडी अर्थातच विल्फ्रेडची. पुढे त्याच्या शेजारी ग्रेसी टीचर. मागे मी आणि रेजीन, रंग पसंत करायला. मी मनात म्हटलं, पापडीला टीचरना जरा बाजूला घेतो आणि ऐकवतो. म्हणून निघेपर्यंत खोलीत बसून दोन्ही रेकॉर्डिंगं आलटून पालटून ऐकत होतो. याच्या चुका, माझं बरोबर. याच्या चुका, माझं बरोबर. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आहे तिथे थांबवलं आणि फोन खिशात टाकला.

गाडीत बसलो. विल्फ्रेडने गाडी सुरू केली. आणि निर्मळ गावाकडचा रस्ता लागतो न लागतो तोच चारही दारांतून, छपरातून, सीटच्या खालून एकदम गाणं सुरू झालं!

आभाराचं गाणं. पहिलं कडवं. आणि आवाज? अहो, कसा सांगू! म्हशीला सर्दी झाली आणि तिला कुणी जबरदस्तीने भक्तीला लावलं, तर जसं होईल तसा. त्या गाडीचे स्पीकरही इतके चांगले की श्वासाची घरघरसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती.

"हे काय लागलं?" ग्रेसी टीचर दचकल्या.

विल्फ्रेडने पडद्याकडे बघितलं. "भाऊंचा फोन लागलाय, टीचर."

माझ्या लक्षात आलं. विल्फ्रेडचं रेकॉर्डिंग! मी क्षणभर घाबरलो, चोरून केलं होतं ना. पण मग तो आवाज ऐकला आणि मनात आनंदाची अशी उकळी फुटली म्हणून सांगू! फुटक्या स्पीकरवर सतरा चुका ऐकू आल्या होत्या. इथे तर सतराशे होत्या! आणि ऐकायला खुद्द टीचर बसलेल्या. देवाने माझं ऐकलं होतं.

"टीचर," मी अगदी जड आवाजात म्हणालो, "मी हे ऐकवणारच नव्हतो. पण आता लागलंच आहे तर लागू दे. हे विल्फ्रेडचं. सरावाचं."

"माझं?" विल्फ्रेडचा चेहरा पडला.

"राग मानू नकोस. आपल्याच माणसाने सांगायचं, नाहीतर सांगणार कोण? हे बघ, इथे ओळीच्या मधेच श्वास घेतलास. का? आणि हे ऐक, हे वर चढताना... घसरलास ना? गवतावर पाय घसरावा तसा! आणि आवाजात तो नाकातला सूर कुठून आणलास बाबा?"

"माझा कीबोर्ड कसा ऐकू येत नाही?" टीचर म्हणाल्या.

"तो मधेच एकटा म्हणून बघत होता ना, तेव्हाचं," मी ठोकून दिलं. लगेच सुचलं, बघा!

रेजीनने माझ्या मांडीला चिमटा काढला. "अहो, गप्प बसा."

आली लगेच बहिणीच्या नवऱ्याची कड घ्यायला! मला आणखी चेव चढला. "का गप्प बसू? उद्या सणाला पाहुण्यांसमोर असं गायला तर नाव कुणाचं जाईल? आपल्या गावाचं!"

"अहो, बंद करा ते. मी सांगते म्हणून बंद करा," रेजीन दात ओठ खात म्हणाली.

"मुळीच नाही. दुसरं कडवं तर अजून यायचंय."

विल्फ्रेडने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो ऐकत राहिला. दुसरं कडवं सुरू झालं होतं. ते पहिल्यापेक्षा भयंकर होतं.

"भाऊ," तो शेवटी हळूच म्हणाला, "मला कधी वाटलंच नाही की मी असा गातो. तिकडे मित्र ऐकायचे, चांगलं म्हणायचे. तोंडावर कोण खरं बोलतं? तुम्ही बोललात, उपकार झाले. टीचर, सोलो भाऊंनाच द्या. मी मागे उभा राहीन."

बोला! मिळाली माझी दोन कडवी परत! मला एकदम सण दिसला, भरलेलं चर्च दिसलं, मी दिसलो, नव्या कुर्त्यातला. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही.

"अरे, असं काय करतोस," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शिकशील हळूहळू. मी आहे ना शिकवायला. पण यंदा तू एवढा आग्रहच करतोयस तर..."

"भाऊ, बंद करू का आता?" त्याने पडद्याकडे बोट नेलं.

"राहू दे, राहू दे! शेवटची ओळ ऐक. तिथे तर तू कहर केलायस."

शेवटची ओळ आली. खरोखरच कहर होता. ती संपली. मग गाण्याखाली दबलेला, बादलीत पाणी पडल्याचा आवाज गाडीत ऐकू आला. मी म्हटलं, सरावाला बादली कुठून आली?

आणि चारही दारांतून, छपरातून, सीटच्या खालून माझा आवाज आला, बोलण्यातला, खणखणीत:

"वा इनास, वा! याला म्हणतात गळा! विल्फ्रेड गाडी आणेल हो, हा गळा कुठून आणेल?"

आणि पाठोपाठ लांबून रेजीनचा आवाज: "अहो, विव्हळून झालं असेल तर बाहेर या, पाणी वाहून चाललंय!"

मग रेकॉर्डिंग संपलं. माझा हात अजून विल्फ्रेडच्या खांद्यावरच होता. तो काढून घेऊ की तिथेच राहू देऊ, मला कळेना. रेजीनने खिडकीबाहेर तोंड फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते. रडत नव्हती ती.

आणि विल्फ्रेडने काय केलं? त्याने गाडी सुरू केली आणि माझ्याकडची हवा थोडी थंड केली. तुम्हीच सांगा, अशा माणसावर जळायचं तरी कसं?

बोलल्या त्या ग्रेसी टीचर. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि मागे न बघता म्हणाल्या, "इनास, अकरा वर्षं मी धीर गोळा करत होते रे. ओळीच्या मधला श्वास, वर चढताना घसरणं, नाकातला सूर. कसं सांगावं, तुला काय वाटेल. तू सगळं एका दमात सांगून टाकलंस. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं बघ."

पापडीला उतरलो, निमूटपणे कापड बघितलं. कुठल्याही रंगाला हो म्हटलं.

सणाला सोलो विल्फ्रेडने म्हटला. कसा म्हटला विचारता? छान म्हटला. मी शेवटपर्यंत कान लावून होतो, एक चूक सापडली तर शपथ! आणि मी मागच्या रांगेत नव्या कुर्त्यात उभा होतो, टीचरनी सांगितलं होतं तसा. त्यांनी सांगितलं होतं, इनास, तू नुसते ओठ हलव.

जेवणं झाल्यावर रेजीन माझ्याजवळ आली. म्हटलं, आता टोमणा मारते. पण नाही हो, अगदी मनापासून म्हणाली, "खरं सांगू? अकरा वर्षांत यंदा तुम्ही सगळ्यांत छान गायलात."