खिडकीबाहेरचा गुलमोहर

घरं बांधायच्या आधी ती कशी दिसतील, याची चित्रं मी कंप्युटरवर करतो. सदर बाजारातल्या एका सराफाच्या नवा रायपूरच्या बंगल्याचं चित्र केलं, तर हॉलच्या खिडक्या पांढऱ्याफटक आल्या. ‘बगीचा किधर गया?’ त्याने विचारलं. उजेड कमी करून पुन्हा रेंडर करायला, म्हणजे कंप्युटरकडून अख्खं चित्र नव्याने काढून घ्यायला, मी दोन दिवस मागितले.

शेजारच्या टेबलावरची नवीन पोट्टी म्हणाली, ‘भैया, दोबारा क्यूँ? बड़ी वाली फाइल दो ना.’ प्रत्येक रेंडरसोबत एक मोठी फाईल तयार होते; चित्रात पांढरं पडलेलंही तिच्यात शाबूत असतं. जागा खाते म्हणून मी ती रोज डिलीट करायचो. त्या दिवशीची राहिली होती. तिने ती उघडली, खिडक्यांपुरतं एक्स्पोजर, म्हणजे उजेड, खाली ओढलं आणि पांढऱ्यातून गुलमोहर बाहेर आला. चित्रात मीच लावलेला.

सराफ तिला ‘वाह दीदी’ म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी बायकोला म्हटलं, ‘त्यात काय मोठं? कोणीबी करते.’

‘मंग तुमी काहून नाही केलं?’

अजूनही त्या पोट्टीचं कौतुक मला बघवत नाही. मोठी फाईल मात्र आता मी एकही डिलीट करत नाही. हे तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.