रजेचं उत्तर कुंकू लावलेल्या डब्यात

आमचे साहेब एग्मोरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि तिथून डोकं रिकामं करून आले. हे मी चिडून म्हणत नाही, ते स्वतःच अभिमानानं सांगत होते. माणसाचं डोकं विचार करायला असतं, लक्षात ठेवायला नाही. लक्षात ठेवायचं काम कॉम्प्युटरचं, असं त्यांना तिथे कोणीतरी पटवलं होतं. जेवणही चांगलं होतं म्हणे.

तेव्हा मी तिकडे तमिळ मुलखातच, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवायचो आम्ही. निदान शिबिराआधी तरी बनवायचो. शिबिरानंतर आम्ही मुख्यतः ईमेल बनवायला लागलो. तक्रारीच्या मेलला लाल झेंडा, कामाच्या मेलला पिवळा, खाजगीला निळा. लाल झेंडे साहेब सकाळी बघणार, पिवळे चहानंतर आणि निळे शुक्रवारी, वेळ उरला तर. प्रत्येक मेलची प्रत सगळ्यांना. मशीनमधून तेल गळतंय हे शेजारच्या माणसाला ओरडून सांगायची सोय राहिली नाही. आधी मेल टाका, झेंडा लावा, मग तेल पुसा. सकाळी अड्यारहून कंपनीच्या बसनं येऊन बसलो की दुपारपर्यंत मी नुसता मेल उपसत असे, आणि संध्याकाळी डबा पुन्हा तुडुंब! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

अशात मला मुलगी झाली.

बायको बाळंतपणाला माहेरी, सोलापूरला गेली होती. सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी एका पिवळ्या झेंड्याला उत्तर देत होतो. ते अर्धवट सोडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. साहेबांनी हात हातात घेतला, मनापासून अभिनंदन केलं. मी म्हटलं, "सर, बारसं दसऱ्याला आहे. रजा हवी होती."

"वंडरफुल," साहेब म्हणाले. "मेल टाका."

आता, आमच्या दोघांत एक काचेची भिंत होती. मी मेल लिहिताना ते मला दिसत होते, मी त्यांना दिसत होतो. मी 'पाठवा' दाबलं आणि काचेतून हात केला. त्यांनीही हसून हात केला. मेल निळा होता, म्हणजे शुक्रवारपर्यंत निश्चिंती.

शुक्रवारी उत्तर आलं: 'कृपया चर्चा करा.' गेलो चर्चेला. साहेब म्हणाले, चर्चा अशी मध्येच कशी करणार, कॅलेंडरमधली वेळ घ्या. कॅलेंडर उघडलं तर सगळे चौकोन भरलेले. पहिला रिकामा चौकोन सापडला तो खंडेनवमीच्या दुपारी. माझी सोलापूरची गाडी त्याच संध्याकाळी सेंट्रलहून सुटणार होती. एरवी दसऱ्याला सुट्टी असते, पण त्या वर्षी ग्राहकाचे लोक तपासणीला येणार म्हणून आमच्या खात्याची सुट्टी रद्द होती. विचारल्याशिवाय जावं तर नोकरी धोक्यात, न जावं तर लेकीच्या बारशाला बाप नाही. बायको फोनवर एवढंच म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तर मी काही बोलणार नाही." न बोलणारी बायको काय चीज असते ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

खंडेनवमीला तिकडे आयुधपूजा. सगळा कारखाना धुऊन पुसून लख्ख. मशीनना चंदन-कुंकू, झेंडूच्या माळा, फाटकावर कोहळा फोडलेला, प्रत्येकाच्या हातात चुरमुऱ्यांची पुडी. आमची आयुधं म्हणजे कॉम्प्युटर. तेही बंद करून, काचेवर तीन बोटं चंदन ओढून, मधोमध कुंकू लावून ठेवलेले. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. साहेबांनी स्वतःच्या कॉम्प्युटरला स्वतः हार घातला आणि डोळे मिटून नमस्कार केला. एवढ्या भक्तीनं त्यांनी आमच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

ठरल्या वेळी मी बॅग घेऊन चर्चेला हजर.

"हो हो, तुमची रजा," साहेब प्रसन्न होते. "तो विषय मी सकाळीच संपवला. निर्णय घेतला, उत्तर लिहिलं, उद्या सकाळी जाईल असं लावूनही ठेवलं."

"काय लिहिलंत सर?"

साहेबांनी हाराखालच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मग छताकडे. मग पुन्हा कॉम्प्युटरकडे.

"उद्या मेलमध्ये बघा ना."

"सर, माझी गाडी आज आहे. हो की नाही, एवढंच सांगा."

आणि तो माणूस, अगदी खरं सांगतो, शांतपणे म्हणाला, "अशा गोष्टी मी डोक्यात ठेवत नाही."

थट्टा नव्हती. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं! आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सकाळपासून त्यांनी कितीतरी मेल निकालात काढले होते, त्यात कुठेतरी माझी मुलगीही निकालात निघाली होती. पुन्हा ठरवा म्हटलं, तर म्हणे एका विषयावर दोनदा निर्णय घेणं पद्धतीत बसत नाही. माझं डोकं असं फिरलं की तो हार उचलून फेकावा आणि कॉम्प्युटर चालू करावा. पण हात पुढे जाईना. आमच्या घरीही खंडेनवमीला पुजलेली विळीसुद्धा कोणी हलवत नसे.

बाहेर आलो. स्टोअर्सच्या प्रमुख बाई चुरमुरे वाटत होत्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, त्यांची मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे घेत यायची. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातात चुरमुऱ्यांची आणखी एक पुडी कोंबली.

"अय्यो, साहेबास काय विचारतोस! लेकीस पाहून ये. पो, पो!"

पो म्हणजे जा. गेलो. गाडीत जागा मिळाली, झोप मिळाली नाही. रेणिगुंटा स्टेशन येईपर्यंत नोकरी गेल्याची भीती वाटत होती, पुढे फक्त राग. सकाळी सोलापूरला दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मुलगी माझ्या हातात दिली. तिनं माझं बोट घट्ट धरलं आणि मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

संध्याकाळी माझ्या बहिणीनं पाळण्यात वाकून लेकीच्या कानात नाव सांगितलं. कुर्रर्र केलं आणि बायकांनी बहिणीच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. मी बघत राहिलो. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी कोणाला काहीतरी थेट कानात सांगितलं होतं.

"रजा दिली ना त्यांनी?" बायकोनं हळूच विचारलं.

"दिली," मी म्हटलं. खोटं होतं की खरं, मला माहीत नव्हतं.

परतलो तर मेलचा ढीग, आणि त्यात साहेबांचं ते उत्तर, न उघडलेलं, ठळक अक्षरांत. काचेपलीकडून साहेबांनी हसून हात केला. मी किती दिवस नव्हतो हे त्यांच्या लक्षात असायचं काही कारणच नव्हतं. मीही हसून हात केला आणि ते उत्तर न वाचताच पुसून टाकलं. 'नाही' लिहिलं असेल, तर त्या माणसाच्या हाताखाली पुढे एक दिवसही काम करणं मला जमलं नसतं. आणि आता घरी दूध लागणार होतं.

लेक आता मोठी झाली आहे. माझ्या बारशाला तुम्ही आला होतात का, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, हो. हे मला आठवून सांगता आलं.