गाडीकडे पाठ करून

गाडी धडधडत समोरून जायची आणि रेल्वे फाटकावरच्या बाई गाडीकडे पाठ करून उभ्या असायच्या. हिरवी झेंडी ड्रायव्हरला दिसेल अशी आडवी धरलेली, तोंड मात्र आमच्याकडे. "मागं व्हा जी, मागं व्हा. गाडीले काय पाहाचं? ते तर रुळावरूनच जाते. माणूस कोठी जाईन, त्याचा काय भरोसा!"

फाटकावरच्या माणसाने जाणारी गाडी नीट पाहायची असते. एखादं चाक तापलं आहे का, डब्याखाली काही लोंबतं आहे का, हे बघायचं असतं. साहेबांनी बाईंना त्यावरून तंबी दिली. तेव्हापासून त्या मान अर्धी वळवून उभ्या राहू लागल्या. मी हसलो तर म्हणाल्या, "एक डोळा साहेबाचा, एक डोळा तुमचा. मले दोनच देल्ले देवानं."

तुमसरहून चिखल्याकडच्या खाणींच्या मुलखात जाणाऱ्या लाइनवर हे गेट होतं. मी आजूबाजूच्या गावांतून दूध गोळा करून तुमसरला नेतो, त्यामुळे रोज दोनदा तरी आमची गाठ पडायची. उन्हाळ्यात गेट लागलं की माझा जीव दुधात अडकायचा. बाईंनी त्यासाठी चिंचेखाली एक जागाच करून ठेवली होती. मी मोटरसायकल तिथे लावायचो आणि त्या ओलं पोतं आणून डब्यांवर टाकायच्या. खर्रा खाऊन थुंकणाऱ्यांशी मात्र त्यांचं हाडवैर. एकदा घोड्यावरचा नवरदेव गेटीवर अडकला. तो थुंकला, तशी बाईंनी त्याच्याच हातात पाण्याचा लोटा दिला आणि घोड्यावरून उतरवून जागा धुवायला लावली. वऱ्हाडातल्या बाया हसून हसून बेजार झाल्या. गेट उघडलं तेव्हा बाईंनी त्याच नवरदेवाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

तुमच्याही रस्त्यावर असा कोणी असेल. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, पण तो दिसला नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

बाईंचा नवरा याच लाइनवर गँगमन होता. लाकडी स्लीपर खांद्यावर वाहून नेणाऱ्यांपैकी. एका पावसाळी सकाळी रुळावर काम करताना मागून आलेल्या इंजिनाखाली सापडला. त्याच्या जागी बाईंना नोकरी मिळाली आणि काही वर्षांनी त्या या गेटीवर आल्या. नवऱ्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. "त्यानं मागं पाह्यलं नाही, बस." एवढंच.

एके वर्षी एका दुपारी मॅंगनीजची मालगाडी नेमकी गेटीवर येऊन थांबली. इंजिन पुढे कुठेतरी बिघडलं होतं आणि डबे रस्त्याभर आडवे उभे होते. मी चिंचेखाली होतो. तेवढ्यात जवळच्या गावातून एक ऑटो आला. आत एक म्हातारी आणि तिची सून. तलावाखाली धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, असलेलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच घर. सुनेचे दिवस भरले होते. कळांनी तिने ऑटोचा दांडा असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

बाईंनी स्टेशनला फोन लावला. गाडी हलवायला दुसरं इंजिन येणार होतं. कधी, ते कोणी सांगेना. बाई पुन्हा पुन्हा फोन करत राहिल्या.

म्हातारी म्हणाली, "डब्याखालून नेऊ. पलीकडं दुसरा ऑटो पाहू."

दोन-तीन गडी पुढे झाले. सुनेला उचलून डब्याखालून सरकवायचं, एवढंच काम. बाई दोन्ही हात पसरून डब्यासमोर उभ्या राहिल्या.

"नाही. खालून कोणी नाही जाणार."

"गाडी मेली आहे न, बाई!"

"मेली नाही. कधी हालन, सांगता येत नाही. मी पाह्यलं आहे गाडीखालचं माणूस."

म्हातारी ओरडली, गड्यांनी शिव्या दिल्या. एकाने बाईंचा दंड धरून ओढला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनीच सुनेला हाताला धरून गेटीच्या खोलीत नेलं, दाराला आपलं लुगडं बांधलं, चुलीवर पाणी ठेवलं. आम्ही पुरुष माणसं बाहेर उभे. आतून सुनेचा आवाज येत होता. मग तो थांबला. आम्ही दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

मुलगा होता. गाडी त्यानंतरही बराच वेळ तशीच उभी राहिली. डब्याखालून माणसं सहज जाऊन आली असती, हे सगळ्यांनी पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"या गेटीनं माह्या नातू खाल्ला," म्हातारी म्हणाली. "गेटीनं नाही, या बाईनं खाल्ला."

त्यानंतर गावातलं कोणी बाईंशी बोलेना. त्यांच्या माठातल्या पाण्याला थांबणारी माणसं थांबेनाशी झाली. फक्त सून थांबायची. शेतावर जाताना डोक्यावरचं ओझं उतरवून बाईंच्या माठातलं पाणी प्यायची. दोघी काय बोलायच्या, ते मी कधी ऐकलं नाही. बहुतेक काही बोलत नसाव्यात. एकदा सून गेल्यावर बाई म्हणाल्या, "ते काहून येते, मले समजत नाही भाऊ. तिनं तरी शिवी द्याले पाह्यजे न!"

पुढे लाइनचं नवं काम निघालं. जुन्या तुकड्यातुकड्यांच्या रुळांच्या जागी जोडून लांबलचक केलेले रूळ आले आणि चाकांची खटक-खटक गेली. मग खड्डे खणले गेले, लोखंडी खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या. परप्रांतातले मजूर तंबू ठोकून राहिले. त्यांच्या बायकांना बाईंनी धानाचा कोंडा घालून चूल कशी पेटवायची, ते शिकवलं. काम सुरू होतं तेवढे दिवस पॅसेंजरही बंद होती. लोक कुरकुरले, पण खुशीने. विजेची गाडी येणार होती.

गावाने अर्ज केला, गेट काढून रुळाखालून बोगदा द्या. सह्या गोळा करणारे बाईंच्या समोरून जात होते. बाईंनी त्यांना हाक मारली. "माही बी घ्या."

"बाई, तुमचीच नोकरी जाईल," मी म्हणालो.

"नोकरी नाही जात, जागा जाते. जाऊ द्या. उद्या कोणाची सून गेटीवर अडकाले नको."

बोगदा झाला. उद्घाटनाला पेढे वाटले. ज्या दिवशी गेट कायमचं बंद करून त्याच्या जागी रस्त्यात रुळांचे तुकडे खांबांसारखे रोवले, त्या दिवशी बाईंनी माठ माझ्या मोटरसायकलला बांधून दिला. "घरी न्या. तिकडं नळ आहे म्हणते." त्यांना तुमसरला स्टेशनातल्या साफसफाईवर टाकलं होतं. त्या खोलीला कुलूप लावत होत्या तेव्हा विजेचं इंजिन समोरून गेलं. बाई दचकल्या. एवढ्या वर्षांत त्यांना दचकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"आवाजच नाही जी याले," त्या म्हणाल्या. "चोरावानी येते."

पाऊस लागला आणि बोगद्यात पाणी भरलं. दोन्हीकडचं शेत उंच, मध्ये तो खड्डा. पाणी जाणार कुठे? कमरेएवढं साचायचं, मग छातीएवढं. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांध्या रुळाच्या पलीकडे आणि बायांची घरं अलीकडे. बाया रुळावरूनच जाऊ लागल्या, बंद गेटीच्या बाजूने, डोक्यावर धानाच्या रोपांच्या जुड्या घेऊन.

मी तुमसरला बाईंना सहज हे सांगितलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पाहतो तर बाई जुन्या गेटीवर हजर. अंगावर घरचीच साडी, डोक्यावर छत्री. झेंडी नाही, शिट्टी नाही. दोन्हीकडे बघून बायांना अडवायच्या, सोडायच्या. "मागं व्हा वं, मागं व्हा. आता जा." पोरी हसायच्या. एक म्हणाली, "मावशी, आता तुमची गेट नाही न!"

"गेट नाही, पर गाडी आहे न," बाई म्हणाल्या.

त्या प्रत्येक सुट्टीला येत राहिल्या. रेल्वेच्या साहेबांनी त्यांना बोलावून समज दिली, की तिथे असं उभं राहता येत नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची? बाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा आल्या. सुट्टी मात्र आठवड्यातून एकच, आणि रोवणी रोजची.

त्या सकाळी बाई तुमसरला कामावर होत्या. पाऊस जोरात होता. बायांनी डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी घेतल्या होत्या. खोळीवर पाऊस वाजला की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. सून सगळ्यांच्या मागे होती, डोक्यावर जुडी, मान खाली. बाकीच्या पलीकडे पोचल्या आणि त्यांनी वळून पाहिलं तर इंजिन अगदी जवळ होतं. त्या ओरडल्या. तिला ऐकू गेलं नाही.

मी बाईंना फोन केला. केला नसता तर बरं झालं असतं का, ते मला अजून कळत नाही. त्या मिळेल त्या ऑटोने आल्या. हातात अजून झाडू धरायचे रबरी मोजे होते. पोलिसांनी सुनेला झाकून ठेवलं होतं. बाईंनी पांघरूण उचललं नाही. फक्त बाहेर राहिलेलं पाऊल आत घेतलं आणि त्यावर कापड नीट केलं.

म्हातारी चिंचेला टेकून बसली होती. रडत नव्हती. बाईंना बघून ती उठली. मला वाटलं, आता ही अंगावर धावते. ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "तू काहून नव्हती वं इथं?"

बाईंना सांगता आलं असतं, की गेट तुम्हीच काढायला लावलं. सांगता आलं असतं, की माझी ड्यूटी तिकडे होती. त्या चिखलात खाली बसल्या आणि म्हातारीचे पाय धरले. म्हातारीही बसली. दोघी तशाच पावसात बसून राहिल्या. आम्ही त्यांना उठवायला गेलो नाही.

महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली आणि बपेऱ्याला भावाकडे निघून गेल्या. माझी बहीण सिहोऱ्याला दिलेली आहे. तिच्याकडे गेलो की मी पुढे बपेऱ्यापर्यंत जाऊन यायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई भावाच्या बांधीत निंदण करत होत्या. खूप वाळल्या होत्या. बांधावर येऊन बसल्या आणि पहिलं विचारलं ते बोगद्याचं.

"पाणी काढते का आता?"

"मोटर लावली."

"चालते?"

"विजेची लाइन असली का चालते. पावसात लाइन राहत नाही."

बाई हसल्या. ते हसू मला बघवलं नाही. "गाडीले वीज आहे, मोटरले नाही."

म्हातारीने माझ्याजवळ निरोप दिला होता. तो मी सांगितला. "म्हातारी म्हणते, त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. तुमचा दोष नाही."

बाईंनी हातातलं गवत बांधावर आपटून त्याची माती झाडली. "तिले सांगा, ते बरोबरच बोलली. तिथं कोणीतरी पाह्यजे होतं. मी रोज नाही जाऊ शकली." मग म्हणाल्या, "पह्यल्या वेळी मी होती, तर पोरगं गेलं. दुसऱ्या वेळी नव्हती, तर माय गेली. मी कोठी उभं राहाचं होतं जी? तुमी सांगा."

तुम्हाला सांगता येत असेल तर सांगा.

बाईंचं उत्तर मी म्हातारीला जसंच्या तसं दिलं. ती बराच वेळ पायलीतले दाणे बोटांनी इकडेतिकडे करत राहिली. दिवाळीनंतर धान निघालं, तेव्हा तिने मला बोलावून एक गाठोडं दिलं. त्याच बांधीतले नवे तांदूळ. सून ज्या बांधीत रोवायला निघाली होती, ती. "बाईले नेऊन द्या. म्हणा, खाजो."

मी बपेऱ्याला पोचलो तेव्हा अंगणात मांडव होता. भावाचं डोकं भादरलेलं. बाईंना ताप आला, उतरला नाही, दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या. त्या दिवशी तेरवी होती. मला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? त्या घराला मी कोण होतो?

मी गाठोडं हातात धरून उभा राहिलो. कुठून आले आणि कोणी दिले, ते भावाला सांगितलं. त्याने गाठोडं घेतलं आणि चुलीपाशी बसलेल्या बायांकडे दिलं. त्यांनी ते तांदूळ पंगतीच्या भाताच्या मोठ्या गंजात ओतले. मी जेवायला बसलो. पान टाकलं नाही.

परत आल्यावर म्हातारीला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून होती. तिने डोळ्यांना पदर लावला नाही. मी उठायला लागलो तेव्हा विचारलं, "पंगतीत वाढले का ते तांदूळ?"

"वाढले."

"गिचका झाला असन त्याचा. नव्या तांदळाले पाणी कमी लागते." ती भिंतीला हात धरून उठली. "तुमी सांगाले पाह्यजे होतं त्यायले."

आणि ती आत गेली.